दुपारच्या जाऊबाई

आमच्या थोरल्या जाऊबाई दुपारी झोपतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दुपारी जाग्या असतात, असं माझं. दोघीही खरं तेच बोलत होतो, आणि हे कळायला आम्हाला बराच काळ लागला.

आमची घरं एकाच इमारतीत, एकावर एक. वरच्या मजल्यावर मोठे दीर आणि जाऊबाई, खालच्या मजल्यावर मी आणि माझे हे. दीर पाणीपुरवठ्याच्या पंपांवर कामाला. सकाळी डबा घेऊन निघाले की दिवेलागणीलाच परत. ह्यांची नोकरी फिरतीची. मी एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. दुपारी दुकान बंद असतं, तेवढ्यात घरी येऊन जेवते.

जाऊबाईंनी सगळी हयात लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत काढली. लिफ्टने कुठे थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, दोन मजल्यांवरून एकदम बोलावणं आलं तर आधी कोणाकडे जायचं, हे सांगणारे प्रोग्रॅम त्या लिहायच्या. कंपनी बंद पडली आणि त्या घरी बसल्या. बसल्या म्हणजे अक्षरशः बसल्या. खिडकीपाशी टेबल ओढलं, त्यावर कॉम्प्युटर मांडला आणि पुन्हा तेच सुरू, फक्त आता बिनपगारी.

"फुकट कोणासाठी राबता?" मी एकदा विचारलं.

"सगळ्यांसाठी," त्या म्हणाल्या. "आम्ही चारपाच जण मिळून एक नवी प्रोग्रॅमिंगची भाषा करतोय. जे लिहू ते उघडं ठेवायचं. कोणीही वाचावं, चुका काढाव्यात, सुधारावं."

"भाषा केली म्हणजे झालं ना?"

"नुसती भाषा कॉम्प्युटरला कुठे कळते? मधे एक यंत्र लागतं. खोटं यंत्र. त्याला लोखंड नाही, वायर नाही, ते सगळं लिहूनच केलेलं. ते कुठल्याही कॉम्प्युटरच्या पोटात जाऊन बसतं आणि आमच्या भाषेतलं ऐकून त्याच्याकडून काम करून घेतं."

"म्हणजे नसलेलं यंत्र बांधताय."

"नसलेलं का? चालतं की ते!" त्या हसल्या. "आणि त्यात माझ्याकडे केर काढायचं काम आहे. प्रोग्रॅम चालताना मेमरीत हजार वस्तू जमतात. ज्याच्यापर्यंत आता कोणाचाच हात पोचत नाही ते शोधायचं आणि उचलून फेकायचं. जे लागणार आहे त्याला मात्र धक्का लागता कामा नये."

"घरात झाडू माझ्या हातात आणि तुम्ही तिकडे झाडताय!" मी म्हटलं. त्यावर त्यांनी मला चहा करायला पिटाळलं.

त्या मंडळींत खरी नावं कोणी वापरत नसे. म्होरक्याचं नाव सुतार. मुंगी नावाची एक मुलगी होती, ती चुका हुडकण्यात पटाईत. जाऊबाईंनी स्वतःचं नाव ठेवलं होतं जिना. जन्म लिफ्टमध्ये गेला, आता निदान नावात तरी पायऱ्या असू देत म्हणाल्या. ही माणसं दूर दूर राहायची, एकमेकांना कधी भेटलेली नव्हती. रोज एकमेकांचं लिहिलेलं वाचायचं आणि निर्दयपणे चिरफाड करायची, एवढीच ओळख. पण ती पक्की होती. जाऊबाईंचा घसा बसला तरी मुंगीला ते त्यांच्या लिहिण्यावरून समजायचं.

आता दुपारचं सांगते.

जेवण झालं की मी वर डोकवायची. किल्ली माझ्याकडे असायचीच. कधी त्या गाढ झोपलेल्या असत, मग मी आल्या पावली परत. पण आठवड्यातून दोनतीनदा तरी त्या टेबलापाशी बसलेल्या दिसायच्या. बोटं पाऊस पडावा तशी चालायची. मी आत गेले की मान न वळवता विचारायच्या, "दार लावलंस?"

"लावलं."

मी चहा करायची. जरा वेळाने पुन्हा, "दार लावलंस ना गं?" कधी कधी तिसऱ्यांदाही. मी मनात म्हणायची, वय झालं. तसं त्यांचं काही वय झालेलं नव्हतं.

एवढं सोडलं तर दुपारच्या जाऊबाई मला जास्त आवडायच्या. सकाळी त्या जरा करड्या असत. दुपारी आवाज मऊ यायचा, खांदे सैल पडायचे, ओठांत काहीतरी गुणगुणत असायच्या. त्यांना काहीही सांगता यायचं. एका ओळखीच्या बाई दुसऱ्या शहरात चष्म्याचं दुकान काढत होत्या आणि मला भागीदार हो म्हणत होत्या. मी घरात कोणापाशी ब्र काढला नव्हता. जाऊबाईंना सांगितलं. त्यांची बोटं थांबली.

"जा," त्या म्हणाल्या. "मागे बघू नकोस. इथे काय, आम्ही आहोतच."

मला रडू फुटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटल्या तर चेहऱ्यावर त्याची खूणही नाही. "दूधवाला आला का गं?" एवढंच. मी मनातल्या मनात हात जोडले. केवढं पोटात ठेवते ही बाई! सांगितलेलं जणू ऐकलंच नाही असं वागते.

मग एका सकाळी सुतारांचा फोन आला. मी तेव्हा वरच होते, त्यांच्या चष्म्याची दांडी घट्ट करत. सुतार काहीतरी भरभरून बोलत होते आणि जाऊबाईंच्या कपाळाला आठ्या पडत चालल्या होत्या.

"कुठली नवी पद्धत?" त्या म्हणाल्या. "मी? थट्टा करताय का?"

फोन ठेवला आणि त्यांनी स्क्रीनवर काहीतरी उघडलं. बराच वेळ वाचत राहिल्या. मग खुर्ची मागे सरकवली, टेबलापासून दूर, एखादं जनावर दिसल्यासारखी.

"कोणीतरी माझ्या नावाने लिहितंय," त्या म्हणाल्या. "आणि चांगलं लिहितंय. माझ्यापेक्षा चांगलं."

आधी चोरीचाच संशय. त्यांनी पासवर्ड बदलले. पासवर्डाच्या जोडीला, आपण आपणच आहोत हे पटवायला कॉम्प्युटरला लावायची छोटी काडी असते, ती कपाटात कुलपात ठेवली. आठवडा सरतो न सरतो तोच जिना नावाने आणखी काम पडलं. केर काढायची सगळी रीतच नव्याने मांडलेली. आधी केर काढायचा म्हणजे यंत्राला क्षणभर थांबावं लागे. आता ते चालता चालता झाडू लागलं होतं. मुंगीने शंका विचारल्या होत्या, त्यांना उत्तरंही गेली होती. जाऊबाईंच्याच बोलीत. "अगं बाई, जरा दम धर," हे त्यांचं पेटंट वाक्यसुद्धा त्यात होतं. शिवाय पूर्णविरामाआधी रिकामी जागा सोडायची त्यांची जुनी खोड होती, तीही जशीच्या तशी.

त्या दिवशी मी संध्याकाळी दुकानातून आले तर त्या माझ्याच दारात उभ्या.

"धाकटे, खरं सांग. दुपारी वर कोणी येतं का?"

"कोण येणार? मीच येते."

"तू? कधी?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. "अहो, असं काय करता? परवा नाही का आपण चहा प्यायलो? तुम्ही टाइप करत होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"अगं, मी झोपलेली असते," त्या म्हणाल्या. "रोज. मी झोपते, उठते, तेव्हा दिवस कललेला असतो. तू कधी आलेलीच नाहीस."

मी ततपप करू लागले. म्हटलं, मी कप विसळून जागेवर ठेवते, म्हणून तुम्हाला दिसत नसतील. दार लावायचं विचारता, तेही सांगितलं. मग जीभ चावली, पण उशीर झाला होता. त्यांनी हळूच विचारलं, "आणखी काय बोलते मी?" दुसऱ्या शहरातल्या दुकानाचं मी त्या वेळी नाही सांगितलं. माझ्या मनातली ती गोष्ट कोणापाशी होती हेच मला आता कळेना.

सुट्टीच्या दिवशी दीर घरी थांबले. ठरलं असं, की जाऊबाईंनी नेहमीसारखं जेवून आडवं व्हायचं आणि आम्ही दोघांनी बसून राहायचं. त्या झोपल्या. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता, कुठे चिटपाखरू नव्हतं. दीर वर्तमानपत्र हातात धरून बसले होते, पान मात्र उलटत नव्हते.

मग त्या उठल्या. आपण उठतो तशाच, केस सारखे करत. आम्हाला बघून नवल वाटलं नाही. टेबलापाशी गेल्या, कुलपाची किल्ली जिथे लपवली होती तिथूनच काढली, आणि बोटं सुरू झाली.

"दार लावलंस?" त्यांनी विचारलं.

दिरांनी फोनचा कॅमेरा सुरू केला. "मी कोण आहे, ओळखलंस का?" त्यांनी विचारलं.

"अहो, हे काय विचारणं झालं?" त्या हसल्या.

"आज सकाळी आपण काय ठरवलं?"

"कुठल्या सकाळी?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच पुढे झाले. "जाऊबाई, तुम्हाला नंतर यातलं काही आठवत नाही. कळतंय का तुम्हाला ते?"

बोटं थांबली. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, अगदी मायेने.

"कळतं ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर दार लावायला सांगते."

दीर म्हणतात, तसं काही त्या बोलल्या नाहीत. "कळत नाही," एवढंच पुटपुटल्या. रेकॉर्डिंगमध्ये त्या क्षणी पंखाच मोठ्याने वाजतो, शब्द नीट लागत नाहीत. पण मी जे ऐकलं ते ऐकलं.

थोड्या वेळाने त्या पुन्हा आडव्या झाल्या. उठल्या तेव्हा म्हणाल्या, "किती झोपले गं मी! झालं का काही?"

दिरांनी फोन पुढे केला. स्वतःला बघताना माणूस लाजतो, नाहीतर हसतो. जाऊबाई टक लावून बघत राहिल्या, घरात शिरलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. शेवटी एकच बोलल्या, "ही खांदे पाडून बसते. मी नाही अशी बसत."

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना मात्र फारसं नवल वाटलं नाही. शांतपणे समजावून सांगितलं. झटक्याचाच हा एक प्रकार. त्यात अंग आखडत नाही, तोंडाला फेस येत नाही. झोपेतून उठताना मेंदूचा आठवण ठेवणारा भाग तेवढ्यापुरता काम सोडतो. माणूस बोलतो, चालतो, आपलं कसबही वापरतो, पण त्यातलं काही साठत नाही. गोळ्यांनी थांबतं, म्हणाल्या.

"मग तिला आधीचं ठाऊक असतं, तुटलेलं काम ती पुढे नेते, ते कसं?" जाऊबाईंनी विचारलं.

"ती म्हणजे तुम्हीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "समोरचं वाचून पुढे जात असाल."

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. एवढंच की 'ती' हा शब्द ऐकला आणि दिरांनी खाली मान घातली.

गोळ्या आणल्या, पण पाकीट फोडलं नाही. जाऊबाईंचं म्हणणं, काम अर्धवट आहे. पहिली पक्की आवृत्ती काढायची तयारी चालली होती, आणि नव्या पद्धतीत कुठेतरी खोट होती. यंत्र दिवसदिवस नीट चालायचं आणि मधेच एखादी वापरातली वस्तूच उचलून फेकायचं. कुठे चुकतं ते सुतारांना सापडेना, मुंगीला सापडेना, आणि जिच्या नावाने ते लिहिलं होतं तिलाही. सकाळच्या जाऊबाई स्वतःचंच लिखाण परक्याच्या अक्षरासारखं लावत बसायच्या.

त्यांनी दोघांना खरं काय ते सांगून टाकलं. मुंगी लगेच म्हणाली, गोळ्या घ्या, यंत्र गेलं खड्ड्यात. सुतार म्हणाले, "मग इतके महिने मी कोणाशी भांडत होतो?"

दीर चिडले. नवराबायकोची भांडणं जिन्यातून खाली ऐकू यायची. "यंत्र मोठं की तू?" "तुम्हाला नाही समजायचं." असंच रोज.

निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने. एका दुपारी मी वर गेले तर दार सताड उघडं, अंथरूण रिकामं, चपला जागेवर नाहीत. मी रस्तोरस्ती धावले. सापडल्या त्या जुन्या कंपनीच्या फाटकापाशी. फाटकाला गंजलेलं कुलूप, आत गवत माजलेलं. मधला हमरस्ता त्यांनी कसा ओलांडला देव जाणे. हातांनी फाटकाचे गज धरून त्या कोणालातरी म्हणत होत्या, "उघड रे, मला उशीर झालाय." आत कोणी नव्हतं.

मी खांद्याला हात लावला. त्या वळल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा बदलला. पाण्याखालून कोणी वर यावं तसा. "धाकटे," त्या म्हणाल्या, "मी इथे कशी?" आणि भर रस्त्यात लहान मुलीसारख्या मला घट्ट धरून उभ्या राहिल्या.

त्या रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी पहिली गोळी घेतली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, लागू पडायला थोडे दिवस जातील.

दुसऱ्या दिवशी मला कामावर निघताना अडवून त्या म्हणाल्या, "एक कर. ती पुन्हा उठली तर तिला विचार. वस्तू कशी हरवते ते."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला नको. ऐक आणि जसंच्या तसं सांग."

ती उठली. मीही 'ती'च म्हणायला लागले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. मी चहा केला, समोर बसले आणि विचारलं. तिने मला अडाणी समजून नव्हे, शेजारी बसलेल्या मैत्रिणीला सांगावं तसं सांगितलं.

"झाडणं चालू असतानाही नव्या वस्तू येतच असतात ना? त्यांच्यावर कोणाची खूण नसते. म्हणून त्या केरासारख्या दिसतात. तिला म्हणावं, झाडताना जे जन्मलं त्याला त्या फेरीत हात लावायचा नाही. पुढच्या फेरीत बघायचं."

"तिला म्हणजे कोणाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने कप उचलला. "तू जिला सांगणार आहेस तिला," म्हणाली, आणि घोट घेतला. मला भीती नाही वाटली. एखाद्याला निरोप देताना वाटतं, तसं वाटलं. मी जास्त वेळ थांबले. दुकान उशिरा उघडलं, मालकांची बोलणी खाल्ली.

संध्याकाळी मी शब्द न शब्द सांगितला. जाऊबाई ऐकताना डोळे मिटून बसल्या होत्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "इतकं साधं." आणि मग, जरा हेव्यानेच वाटलं मला, "मला का नाही सुचलं?"

त्यानंतर ती आणखी एकदोनदाच उठली. नुसती खिडकीपाशी बसून राहायची, बोटं कीबोर्डवर ठेवून, काही न लिहिता. मग तेही थांबलं. जाऊबाई दुपारी झोपतात आणि खरंच झोपतात. तरी मी बरेच दिवस वर जात राहिले. दारातून त्यांचा संथ श्वास ऐकायची आणि परत फिरायची.

खोट निघाली, आवृत्ती बाहेर पडली. पण बाकीची पद्धत समजून घ्यायला जाऊबाईंना कितीतरी महिने लागले. शिकवणीला बसल्यासारख्या त्या एकेक ओळ वाचत. कोणी विचारलं, हे असं का केलंत, तर प्रामाणिकपणे सांगत, "अजून तिथवर पोचले नाही."

दुकानाचं मी त्यांना शेवटी सकाळी सांगितलं. पहिल्यांदाच सांगतेय असं. त्यांचा चेहरा पडला. "आत्ता नको गं जाऊस," म्हणाल्या, "माझा धीर सुटेल." मी त्यांना सांगितलं नाही की एकदा तुम्हीच मला जा म्हणाला होतात. वर्षभर थांबले आणि मग गेले. त्यांनीच सामान बांधायला मदत केली.

पुढे त्या मंडळींनी एकदा प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं. शहर माझ्या दुकानापासून जवळचं, शिवाय जाऊबाईंना एकटं जायला नको, म्हणून मीही गेले. एक साधा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा. मुंगी धावत येऊन जाऊबाईंच्या गळ्यात पडली. ती त्यांच्यापेक्षा हातभर उंच निघाली, त्यावरून हशा झाला. सुतार टक्कल पडलेले, संकोची गृहस्थ. त्यांनी जाऊबाईंचा हात हातात घेतला, प्रवास कसा झाला विचारलं, तब्येतीचं विचारलं. पण बोलताना त्यांची नजर सारखी जाऊबाईंच्या खांद्यावरून मागे दाराकडे जात होती.

जाऊबाई खुर्ची बघायला पुढे गेल्या तेव्हा ते माझ्याकडे झुकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "त्या नाही आल्या?"

"कोण?" मी म्हटलं.

ते ओशाळले. चष्मा काढून पुसायला लागले. "माफ करा. मलाच कळत नाही मी काय विचारतोय."

जाऊबाईंना ऐकू गेलं असावं. त्या वळल्या, एकवार दाराकडे पाहिलं. मग पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवायला निघालेला हात त्यांनी मागे घेतला. पर्स मांडीवर घेतली, आणि ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहू दिली.